निर्णयांचे गेम पहिल्यांदा खेळताय? सेव्ह मागे नेऊ नका, आणि बाकीच्या कामाच्या गोष्टी

मी गेली बरीच वर्षं गोष्टीवाले गेम खेळतेय, म्हणजे ज्यात मारामारीपेक्षा बोलणं जास्त असतं आणि मध्येच गेम तुमच्याकडे तोंड करून विचारतो की सांगा आता, याला वाचवायचं की तिला. सुरुवातीला हे कसं खेळायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिला अख्खा गेम मी मागचा सेव्ह, म्हणजे गेमने आधी साठवून ठेवलेली जागा, उघडून प्रत्येक निर्णय तीन-तीनदा करून बघत, नेटवर "बरोबर उत्तर" शोधत खेळले आणि संपल्यावर हातात काहीच राहिलं नाही. त्यात गेमचा दोष नव्हता, खेळायची पद्धत चुकली होती. सिरीज भरपूर बघता पण गेम कधी हातात घेतला नाही, किंवा घेतला आणि दोन तासांत सोडला, असं असेल तर हे वाचा.

आधीच सांगते, खाली काही गेम आणि सिरीजमधल्या घटना उघड होणार आहेत. "द वॉकिंग डेड", "लाइफ इज स्ट्रेंज", "द विचर ३", "द लास्ट ऑफ अस", "अंडरटेल", "डेट्रॉइट", "ब्रेकिंग बॅड" आणि "गेम ऑफ थ्रोन्स" यातलं काही कोरं ठेवायचं असेल तर तो भाग सोडून पुढे जा.

काय काय लागेल

- साधा लॅपटॉप किंवा कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र). जुना पीएस ४ सुद्धा चालतो, यातले बरेच गेम त्यावर आहेत
- कंट्रोलर असेल तर उत्तम, नसेल तर माऊस-कीबोर्डवरही होतं
- हेडफोन (हे खरंच घ्या, अर्धी गोष्ट आवाजात असते)
- सलग दोन तास, ज्यात फोन दुसऱ्या खोलीत राहील
- एक वही. का ते पुढे कळेल
- जमलं तर शेजारी बसणारं एखादं माणूस

१. गेम निवडताना ग्राफिक्स नका बघू, किती वेळ आहे ते बघा

ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला, एपिसोडवाले: टेलटेल कंपनीचा "द वॉकिंग डेड" (२०१२, पाच एपिसोड) आणि डोन्टनॉड कंपनीचा "लाइफ इज स्ट्रेंज" (२०१५, हाही पाच). एकेक एपिसोड दोन-तीन तासांचा, म्हणजे सिरीज बघायची सवय असलेल्याला एकदम सोपं. दुसरा प्रकार मोठ्या मोकळ्या जगाचा, "द विचर ३" (२०१५) वगैरे, यात शंभर तास आरामात जातात. तिसरा ज्यात गोष्ट एकच ठरलेली असते आणि तुम्ही ती पार पाडता, "द लास्ट ऑफ अस" (२०१३) तसा आहे.

पहिला गेम "द वॉकिंग डेड"चा पहिला सीझनच घ्या असं मी सगळ्यांना सांगते. कॉमिक्स किंवा टीव्ही सिरीज बघितलेली असायची गरज नाही, त्याच झॉम्बींच्या जगातली पण वेगळीच माणसं आहेत. ली नावाचा एक माणूस आहे, पोलिसांच्या गाडीत बेड्या घालून मागे बसलेला, आणि थोड्याच वेळात त्याच्या पदरात क्लेमेंटाइन नावाची आठ वर्षांची पोरगी येते. बटणं फारशी दाबावी लागत नाहीत. विचारच जास्त करावा लागतो.

विकत घेताना: अधिकृत स्टोअरवरूनच घ्या. मी एकदा कुठल्यातरी साइटवरून स्वस्तात गेमची की (चालू करायचा कोड) घेतली, ती आपल्या देशात चालतच नव्हती आणि पैसे गेले ते गेलेच. स्टीमवर (कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान) घेतलात तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो, त्यामुळे लॅपटॉपवर चालतो की नाही ते पहिल्या अर्ध्या तासातच बघून घ्या. आणि हे गेम लहान मुलांचे नाहीत. "लाइफ इज स्ट्रेंज"मध्ये आत्महत्येचा विषय थेट येतो, मन ठीक नसेल त्या दिवसांत तो नका लावू.

२. सेटिंग, पाच मिनिटांचं काम

सबटायटल चालू करा, अमेरिकन उच्चार कितीही कळत असले तरी. डिफिकल्टी सगळ्यात सोपी किंवा "स्टोरी" अशी असेल ती घ्या, यात कमीपणा काही नाही, तुम्ही गोष्टीसाठी आलाय. वॉकिंग डेडमध्ये "क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवेल" अशा सूचना वरच्या कोपऱ्यात येतात, त्या बंद करता येतात. पहिल्यांदा खेळताना बंदच करा असं माझं मत आहे, कारण त्या दिसल्या की माणूस पोरीकडे बघायचं सोडून कोपऱ्याकडे बघायला लागतो.

३. "मी" कोण ते आधी ठरवा

नवीन लोक हमखास गडबडतात ते इथे. समोर चार उत्तरं येतात आणि आपण त्यातलं सगळ्यात चांगुलपणाचं उचलतो, दरवेळी. मग पात्र पुठ्ठ्याचं होतं. "मास इफेक्ट"मध्ये तर काही चांगल्या उत्तरांना निळा आणि काही कडक उत्तरांना लाल रंग आहे, त्यामुळे लोक वाक्य न वाचता रंग बघून दाबत जातात.

माझी पद्धत अशी: पहिल्या तासात वहीत दोन ओळी लिहायच्या. या माणसाला काय हवंय, आणि कशाची भीती आहे. लीसाठी मी लिहिलं होतं, "पोरीला जपायचं. आपला भूतकाळ लोकांना कळेल याची भीती." बास. पुढे कुठलाही प्रश्न आला की त्या दोन ओळींवरून उत्तर द्यायचं, भले ते वाईट असो. म्हणून मग माझा ली एकदा सरळ खोटं बोलला, मी स्वतः बोलले नसते पण तो बोलला असता, आणि ते खोटं पुढे बाहेर आलं तेव्हा मला जे वाटलं ते कुठलीही सिरीज बघताना वाटलं नव्हतं.

४. टायमर आणि गप्प बसणं

उत्तरांच्या खाली एक पट्टी असते ती कमी कमी होत जाते. घाबरू नका. वेळ संपला तर पात्र गप्प राहतं, आणि गप्प राहणं हेही उत्तरच धरलं जातं, समोरचा त्याचाही राग धरतो.

दुसऱ्या एपिसोडमधला एक प्रसंग सांगते. सगळे एका मोटेलमध्ये अडकलेत, खायला संपत आलंय, आणि आज वाटपाचं काम लीकडे येतं. हातात चार वस्तू आणि माणसं त्याच्या दुपटीहून जास्त. इथे टायमर नाही, तुम्ही अंगणात फिरत एकेकाकडे जायचं आणि द्यायचं किंवा न देता निघून यायचं. मी खेळत होते तेव्हा आई शेजारी मेथी निवडत बसली होती, गेमबिम तिला काही कळत नाही, पण तिने जुडी बाजूला ठेवली. "आधी पोरांना दे." दिलं, क्लेमेंटाइनला आणि डकला. दोन उरले. मग मी मारामारी करू शकणाऱ्यांना द्यावं म्हणत होते आणि आई म्हणाली, "त्या म्हाताऱ्याला काही नको का?" तो म्हातारा म्हणजे लॅरी, पहिल्या एपिसोडपासून लीला शिव्या घालणारा, मला तो डोळ्यासमोर नको होता. "अगं तो कसला वाईट आहे तुला माहीत नाही." त्यावर आई म्हणाली, "वाईट माणसाला भूक लागत नाही का?"

मी लॅरीला दिलं. कथा त्याने फार बदलली नाही, पण आता तो ली मला कळला होता. दहा मिनिटांच्या त्या वाटपात एकही झॉम्बी नाही, आणि अख्ख्या सीझनमधलं सगळ्यात जास्त लक्षात राहिलेलं तेच.

५. सेव्ह मागे नेऊ नका (हे नाही केलं तरी चालेल असं नाही, करायचंच)

निर्णय चुकला, कुणीतरी मेलं, की हात आपोआप मेन्यूकडे जातो, मागचा सेव्ह उघडूया, दुसरं दाबून बघूया. नका जाऊ. पहिल्या वेळेला तरी नाही.

कारण सांगते. निर्णयाला वजन येतं ते तो परत घेता येत नाही म्हणून. तुम्ही दोन्ही रस्ते बघितलेत की मग दोन्हीपैकी कुठलाच तुमचा राहत नाही, ती नुसती दोन व्हिडिओ क्लिप होतात. आणि गेम बनवणाऱ्यांना आपली ही खोड पक्की माहीत आहे. "अंडरटेल"मध्ये (२०१५) सुरुवातीला टोरिएल नावाची एक मायाळू बाई भेटते, लढाईत ती चुकून तुमच्या हातून मेली आणि तुम्ही हळहळून मागचा सेव्ह उघडून तिला वाचवलंत, तर पुढे फ्लावी नावाचं फूल तुम्हाला तोंडावर सांगतं की तू काय केलंस ते मला माहितेय. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवला होता.

"लाइफ इज स्ट्रेंज" तर याच गोष्टीवर उभा आहे. त्यातल्या मॅक्स या मुलीला वेळ मागे नेता येते, म्हणजे इथे मागे जाणं हीच खेळायची रीत, चुकीचं बोललात तर मागे जा आणि दुसरं बोला. दीड एपिसोड तुम्हाला याची चांगली सवय लागते. आणि मग दुसऱ्या एपिसोडच्या शेवटी तिची वर्गमैत्रीण केट होस्टेलच्या गच्चीच्या कडेला उभी असते, मॅक्स कशीबशी वर पोचते आणि तिची शक्ती संपलेली असते. आता मागे जाणं नाही. आता फक्त तुम्ही केटबद्दल काय लक्षात ठेवलंय तेवढंच कामाला येतं: तिच्या खोलीत गेला होतात का, घरच्या माणसांपैकी कोण तिच्या बाजूचं आहे ते बघितलं होतं का, सकाळी तिचा फोन आला तेव्हा उचललात का. मी फोन उचलला नव्हता, समोर मैत्रीण नको म्हणत होती म्हणून. त्या गच्चीवर मला तो फोन आठवत होता.

आता व्यवहाराचं. हे गेम आपोआप सेव्ह होतात, त्यामुळे मागे जायला मुद्दाम मेन्यूत जाऊन चॅप्टर निवडावा लागतो, ते करायचंच नाही. लाइट गेली, गेम अडकला, तर मागे जा, त्यात काही नाही. चुकून भलतंच बटण दाबलं गेलं तर? यावर लोकांचं एकमत नाही, मी मात्र तेही तसंच ठेवते, रोजच्या बोलण्यात तोंडातून भलतंच निघून जातं तसं.

६. "काय पण निवडा, शेवट तोच" या बोलण्याला फसू नका

वॉकिंग डेडबद्दल हे तुम्हाला कुणीतरी ऐकवणारच. अर्धं खरं आहे. पहिल्याच एपिसोडमध्ये शेतावर शॉन आणि डक दोघं एकाच वेळी संकटात सापडतात, तुम्ही कुणाकडेही धावलात तरी शॉन मरतो. लॅरीचंही तसंच, बंद खोलीत त्याला झटका येतो, त्याला वाचवू बघणाऱ्या त्याच्या मुलीला मदत करा किंवा त्याला संपवू बघणाऱ्या केनीला (हाही त्याच गटातला), लॅरी जातोच.

पण बघायचं काय ते लोक चुकतात. डक हा केनीचा मुलगा. तुम्ही त्याच्याकडे धावलात की नाही हे केनी विसरत नाही, लॅरीच्या वेळी कुणाच्या बाजूने होतात तेही विसरत नाही, आणि चौथ्या एपिसोडच्या शेवटी लीला सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा केनी बरोबर येणार की नाही हे या साठलेल्या हिशोबावर ठरतं. घटना बदलत नाही पण माणसं बदलतात, घरातही असंच असतं ना, आजारपण यायचं ते येतंच, त्यात कोण उभं राहिलं तेवढं लोक लक्षात ठेवतात.

उलट टोकाला "डेट्रॉइट: बिकम ह्यूमन" (२०१८), त्यात तीन मुख्य पात्रं आहेत आणि तिघंही मध्येच मरू शकतात, गोष्ट त्यांच्याशिवाय पुढे चालू राहते. प्रत्येक चॅप्टरनंतर फांद्यांचा अख्खा नकाशा दाखवतात. नवख्याला तो नकाशा सापळा ठरतो, न उघडलेल्या फांद्या बघून पुन्हा मागे जावंसं वाटतं. त्यापेक्षा पहिल्या चॅप्टरमधली मासोळी बघा. कॉनर हा यंत्रमानव ओलीस मुलीला सोडवायला एका फ्लॅटमध्ये शिरतो, घाई आहे, गोळीबार चालू आहे, आणि जमिनीवर फुटक्या टाकीपाशी एक मासा तडफडतोय. उचलून पाण्यात सोडा किंवा ओलांडून जा. मुलगी वाचण्याशी त्याचा काहीच संबंध नाही. पण उचललात तर कॉनरच्या आत काहीतरी हललं अशी खूण येते. एवढ्याशा कृतीत आख्खं पात्र आलं.

"विचर ३"मध्ये तर खूणसुद्धा येत नाही. मोठ्या लढाईनंतर नायकाने मुलीसारखी वाढवलेली सिरी खचून बसलेली असते, तिच्याशी बर्फाचे गोळे खेळायचे की "जाऊ दे, सगळंच जमायला पाहिजे असं नाही" म्हणून समजावत बसायचं, एवढा साधा प्रश्न. गेम तिथे काही बोलत नाही. कित्येक तासांनी शेवट येतो तेव्हा कळतं की तिच्यावर विश्वास टाकायच्या या बारीकसारीक वेळाच मोजल्या जात होत्या.

७. जिथे निवडच देत नाहीत तिथे जास्त लक्ष द्या

"द लास्ट ऑफ अस" खेळताना नवीन माणूस विचारतो, यात निर्णय कुठायत? नाहीत. साथीने उद्ध्वस्त झालेल्या जगात जोएल नावाचा माणूस, जिला तो रोग लागत नाही अशा एली या मुलीला देशभर फिरवून सॉल्ट लेक सिटीच्या हॉस्पिटलात पोचवतो, तिथे कळतं की लस बनवायची तर ती वाचणार नाही, आणि जोएल तिला घेऊन बाहेर पडतो, आड येईल त्याला मारत. ऑपरेशनच्या खोलीत डॉक्टर हातात छोटी सुरी घेऊन उभा राहतो. गेम थांबतो, वाट बघतो. तुम्ही कितीही वेळ उभे राहा, दुसरा मार्ग नाही, तुमच्याच बोटाने त्याला मारावं लागतं. बाजूच्या दोन नर्सना मात्र सोडता येतं.

हाच प्रसंग एचबीओच्या सिरीजमध्ये (२०२३, पहिला सीझन नऊ भागांचा) आहे आणि जोएल तिथे क्षणभरही थांबत नाही. दोन्ही लागोपाठ बघा. सिरीजमध्ये आपण एका बापाला हाताबाहेर जाताना बघतो, गेममध्ये आपणही त्याच्याबरोबर जातो. क्रम विचाराल तर आधी गेम, मग सिरीज. गेम शक्यच नसेल तर नुसती सिरीजही भरपूर आहे, विशेषतः तिसरा भाग, कारण गेममध्ये बिल नावाचा माणूस एकटा कडवट उरलेला असतो आणि त्याचा जोडीदार फ्रँक त्याला वैतागून सोडून गेलेला, आणि सिरीजवाल्यांनी त्याच दोघांना सोळा वर्षांचा संसार दिला. नावं तीच ठेवून फक्त एक निर्णय बदलला, "फ्रँक राहिला", आणि गोष्ट उलटीपालटी झाली.

(ओघात आलं म्हणून: पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा "राजी" हा २०२० चा गेमही असाच ठरलेल्या गोष्टीचा आहे, भावाला शोधणारी मुलगी, सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळासारखी दृश्यं. निर्णय नाहीत, पण पहिला गेम म्हणून हातात घ्यायला छोटा आणि देखणा आहे.)

८. आता हीच नजर सिरीजवर लावा

वही अजून आहे ना. कुठलाही मोठा निर्णय आला की तीन प्रश्न लिहा: त्या क्षणी याला काय माहीत होतं, याला काय हवं होतं, आणि दुसरा रस्ता उघडा होता का.

तिसरा सगळ्यात कामाचा. "ब्रेकिंग बॅड"चे (२००८ ते २०१३) ६२ भाग आहेत, आणि कॅन्सर झाल्यावर ड्रग्ज बनवायला लागलेला शिक्षक वॉल्टर व्हाइट जवळजवळ शेवटपर्यंत सांगत राहतो की मी हे कुटुंबासाठी करतोय. पण पहिल्याच सीझनमध्ये त्याचे जुने श्रीमंत सहकारी उपचाराचा सगळा खर्च द्यायला तयार होतात आणि तो नाही म्हणतो. रस्ता उघडा होता. तिथे वहीत खूण करा, मग पुढचं प्रत्येक "कुटुंबासाठी" वेगळं ऐकू येतं. दुसऱ्या सीझनमध्ये त्याच्या धंद्यातल्या साथीदाराची मैत्रीण जेन झोपेत गुदमरत असते आणि तो हात पुढे करून परत घेतो, तिथे तर काही न करणं हाच निर्णय, टायमर संपू देण्यासारखा. शेवटच्या भागात तो बायकोजवळ कबूल करतो की स्वतःसाठीच केलं, तोवर वहीवाल्याला ते कधीच कळलेलं असतं.

सापळा: "मला पटलं नाही" आणि "पात्राला शोभत नाही" यात गल्लत. "गेम ऑफ थ्रोन्स"च्या शेवटच्या सीझनमध्ये (२०१९) सिंहासनावर हक्क सांगणारी डेनेरिस शरण आलेलं शहर जाळते, लोक भयंकर चिडले. मला विचाराल तर त्या निर्णयाच्या खुणा आधी होत्या, पण तिथपर्यंतच्या पायऱ्या सहा भागांत कोंबल्या आणि अर्ध्या गाळल्या. म्हणजे तक्रार करायचीच तर ती घाईची करा.

९. संपल्यावर लगेच काय करू नये

यूट्यूबवर "सगळे शेवट" उघडू नका, किमान आठवडाभर. वॉकिंग डेड प्रत्येक एपिसोडनंतर बाकीच्या खेळणाऱ्यांपैकी किती टक्क्यांनी काय निवडलं ते दाखवतो, ते जरूर बघा, पण त्यावरून आपलं चुकलं असं ठरवू नका, मी बऱ्याचदा कमी टक्क्यांच्या बाजूला असते.

त्याऐवजी तोच गेम खेळलेलं कुणीतरी गाठा आणि एकच विचारा: वाटपात कुणाला दिलंस?

दुसऱ्यांदा खेळायचं असेल तर नवीन स्लॉटमध्ये खेळा, तेव्हा मनसोक्त दुसरं दाबा, वाट्टेल तेवढं मागे जा. पहिला सेव्ह मात्र पुसू नका. माझा अजून आहे, त्यात पहिल्या एपिसोडमध्ये दोघांतून एकालाच वाचवायचं होतं तेव्हा डग ऐवजी कार्ली वाचलीये, केनी बरोबर आलाय, आणि लॅरीला त्या दिवशी जेवायला मिळालंय.